उंची कमी, बजेटही कमी: कपड्यांचं कसं जमवता?

लवंगी

माझी उंची ४ फूट ११ इंच. नवीन नोकरी लागली आहे आणि तिथे रोज जरा टापटीप जावं लागणार. कपाटात कॉलेजच्या काळातल्या जीन्स आणि टीशर्ट, बस. खरेदीला पैसे आहेत, पण बेताचे.

अडचण अशी की हँगरवर बरं दिसणारं काहीही अंगावर चढवलं की थोरल्या बहिणीचं मागून आणल्यासारखं दिसतं. पँटचे पाय जमिनीवर लोळतात, शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत येतात, ब्लेझरची कंबर माझ्या कमरेच्या पार खाली. पेटीट म्हणून जो वेगळा विभाग असतो तिथे निवड मोजकी आणि भाव चढे. नेहमीचं घेऊन आल्टर करावं तर टेलरचे पैसे वेगळे.

तर आधी काय घ्यावं? काय आल्टर करून चालतं, आणि कितीही स्वस्त मिळालं तरी काय घेऊच नये? 'हिल्स घाल' आणि 'जरा बारीक हो' हे दोन सल्ले घरबसल्या मिळतात, ते सोडून सगळं चालेल.

टाचणी

चांगला धागा. मी बरीच वर्षं कपडे आल्टर करून देते, त्यामुळे जरा लांबण लावते.

पेटीट म्हणजे बारीक नव्हे, आधी हे डोक्यातून काढा. साधारण ५ फूट ४ इंच (१६३ सेंमी) किंवा त्याहून कमी उंचीसाठी कापलेला कपडा तो पेटीट, मग वजन काहीही असो. त्यात नुसती लांबी कमी केलेली नसते. खांदा अरुंद असतो, मुंढा (बाही जोडतात ती काखेजवळची गोलाई) वर असतो, कंबर वर येते, पँटचं आसन (कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग) कमी खोल असतं, गुडघ्याची जागासुद्धा वर सरकवलेली असते. बहुतेक ब्रँड नेहमीचे कपडे ५ फूट ५-६ इंचांची बाई समोर ठेवून कापतात. त्यामुळे खालून ४ इंच कापले म्हणून तो कपडा तुमचा होत नाही. कंबर, गुडघा, मुंढा सगळं खालीच राहतं, फक्त तळ वर येतो.

यावरूनच काय घ्यायचं ते ठरतं.

ट्रायल रूममध्ये आधी खांदा बघा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. दंडावर उतरली असेल तर ठेवून द्या, कारण खांदा आवळायचा म्हणजे बाही पूर्ण उसवून परत लावायची. ब्लेझरला तर आत पॅड आणि अस्तर, म्हणजे कधी कधी कपड्याच्या किमतीइतकीच मजुरी. मग मुंढा. दोन्ही हात वर करा. अख्खा शर्ट वर ओढला गेला तर मुंढा तुमच्यासाठी खोल आहे. पँटमध्ये आसन बघा: घालून बसा, उठा, जिना चढल्यासारखा पाय उचला. जांघेत कापड लोंबत असेल तर ते पुढे कुणीही धड काढून देऊ शकत नाही.

हे तीन जमले की बाकीचं सोपं. पँटची लांबी, कमरेत थोडं आत घेणं, शर्टाच्या बाजूच्या शिवणी, साध्या बाहीची लांबी ही सगळी कमी पैशातली कामं. पाहायला गेलं तर लांबीचीच सगळ्यांना धास्ती असते आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारा प्रश्न तोच.

निवांत

+१. 'हात वर करून बघा' हे तर माहीतच नव्हतं. टाचणी, जीन्सबद्दल पण सांग ना. कापून आणली की खालची ती जाड, फिकट झालेली कड जाते आणि नवी दुमड एकदम शाळेच्या गणवेशाची वाटते.

टाचणी

निवांत, टेलरला सांगायचं, 'मूळ कड राखून करा'. कडेच्या शिवणीला लागून कापड आत दुमडून टीप मारतात आणि मधलं जास्तीचं कापड आतल्या बाजूने काढून टाकतात. चांगली इस्त्री फिरवली की जोड जवळ जाऊन बघितल्याशिवाय दिसत नाही. सरळ पायाच्या जीन्सला उत्तम जमतं. खूप निमुळत्या पायाला मात्र कड आणि वरचा पाय यांच्या घेरात फरक पडतो, तिथे बाजूची शिवणही थोडी आत घ्यावी लागते.

बूटकट आणि फ्लेअर बघून घ्या. त्यांचा घेर गुडघ्यापासून सुटतो. तो गुडघा तुमच्या पोटरीवर येत असेल तर खालून कापल्यावर घेर निघून जातो आणि हातात ना सरळ ना फ्लेअर अशी पँट राहते. लेबलवर पायाच्या आतल्या शिवणीची लांबी दिली असेल तर ती बघायची. २५ ते २८ इंचांची मिळाली तर बहुधा कात्री लावायलाच नको.

आणि सुती कापड, डेनिम धुतल्याशिवाय कापायला देऊ नका. ३० इंचांच्या पायात ३ टक्के आटलं तरी जवळजवळ १ इंच गेला. आधी एक-दोनदा धुवा, मग ज्या चपला-बुटांवर घालणार तेच घालून माप द्या.

मोरपंखी

मी ५ फुटांची. माझा एकच मंत्र: दुसऱ्यांचे आखूड कपडे ते आपले पूर्ण कपडे. नेहमीच्या मापातली अँकल लेंग्थ पँट मला बरोबर टाचेपर्यंत येते. तीन-चतुर्थांश बाही मनगटाच्या जवळ जाते. क्रॉप्ड जॅकेट कमरेवर संपतं, जिथे साध्या जॅकेटने संपायला हवं होतं. गुडघ्याच्या वरचा म्हणून विकला जाणारा ड्रेस गुडघ्यावर येतो. सेलमध्ये हे कपडे मागे पडलेले असतात, कारण उंच बायकांना ते तोकडे होतात!

दिसण्याचं म्हणाल तर टॉप कमरेत खोचायचा किंवा कमरेशी संपणारा घ्यायचा. लांब टॉप नितंबांच्या मधोमध संपला की शरीराचे बरोबर दोन सारखे तुकडे दिसतात आणि पाय तिथेच आखूड होतात. एक तृतीयांश वर, दोन तृतीयांश खाली असं पडलं की तेच पाय लांब वाटतात. वरखाली एकाच रंगाच्या जवळपासच्या छटा घातल्या तरी हाच परिणाम. पँटच्या रंगाचे बूट, किंवा पाय उघडे असतील तर त्वचेच्या रंगाच्या जवळचे. घोट्याभोवती जाड पट्टा असलेल्या चपला मी घेत नाही, पाय तिथे कापल्यासारखा दिसतो.

गडगडाट

वाचते आहे, पण एक खटकतंय. दर वेळी सगळा आटापिटा उंच दिसण्यासाठीच का? मी ४ फूट १०. समोरच्याला दिसतंय की मी बुटकी आहे, रंगांची जुळवाजुळव करून २ इंचांनी कुणाला फसवायचं? मला ढगळ कपडे आवडतात, मी तेच घालते. 'बुटक्यांनी ओव्हरसाइज घालू नये' म्हणणाऱ्यांना नमस्कार.

मोरपंखी

घाल की, कोण अडवतंय! मला लांब पाय आवडतात म्हणून मी सांगितलं, तो काही कायदा नाही.

टाचणी

गडगडाटचं म्हणणं बरोबर आहे आणि ढगळ कपड्यांचं गणितही खांद्याशीच येतं. ओव्हरसाइज म्हणून कापलेला कपडा आणि दोन मापं मोठा कपडा या वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात खांदा मुद्दाम उतरवलेला असतो, पण गळा आणि लांबी ताब्यात असते. दुसऱ्यात गळाही पसरतो, खिसाही पोटावर येतो. तेव्हा ओव्हरसाइजच घ्या, पण आपल्या किंवा एक माप लहानात.

एक करून बघा: ढगळ शर्टाची बाही दोनदा दुमडून मनगटाचं हाड उघडं ठेवा, पँट घोट्याच्या वर. मनगट, घोटा आणि मान दिसली की आत माणूस आहे हे कळतं.

बाहीवरून आठवलं, लवंगी, हे तुझ्यासाठी. कफाचा शर्ट हातावर उतरतो, पण पुष्कळदा त्यात दोष लांबीपेक्षा कफाचा असतो. कफ सैल असल्यामुळे तो तळहातावर घसरतो. कफाचं बटण काढून अर्धा-पाऊण इंच आत लावायचं. कफ मनगटावर अडकतो आणि जास्तीची बाही वर हलकी फुगून राहते, ती मुद्दाम केल्यासारखीच दिसते. सुई, दोरा आणि पाच मिनिटं, खर्च काही नाही. टेलरकडे बाही कमी करायची तर कफ काढून, बाही कापून परत लावावा लागतो, आणि कफाच्या वरची ती चीरही आखूड होते.

चौकट

कुणीतरी आडव्या पट्ट्यांचा विषय काढेलच, म्हणून आधीच सांगतो. (हो, सांगतो. बायको ४ फूट ११ आहे, धागा तिनेच पाठवला.)

'आडव्या पट्ट्या घातल्या की माणूस बुटका आणि रुंद दिसतो' याला फारसा आधार नाही. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ सालीच लिहून ठेवलं आहे की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उभ्या रेघांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. आडव्या पट्ट्यांच्या झग्यात बाई उंच वाटते, हेही त्याने तिथेच नोंदवलंय. पुढे यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी बायकांच्या आकृत्या दाखवून हे तपासलं. २०११ साली त्यांचा निबंध आला: आडव्या पट्ट्यांनी आकृती जाड दिसत नाही, उलट उभ्या पट्ट्यांचीच जास्त रुंद वाटते.

आता अंगावरचा कपडा म्हणजे कागदावरचा चौरस नव्हे. पट्टी किती रुंद, कापड कुठे ताणलंय, याने फरक पडणारच. पण पट्ट्यांचा टीशर्ट आवडला आणि खांद्यात बसला, तर निव्वळ भीतीपोटी परत ठेवू नका.

गडगडाट

चौकट, बायकोला सांगा, धागा सत्कारणी लागला. माझे सगळे टीशर्ट आडव्या पट्ट्यांचे आहेत!

जुनी_वही

मापांबद्दल थोडं. एका ब्रँडचं एस बसतं आणि दुसऱ्याचं एक्सएस पण सैल होतं, यात आपलं काही चुकत नाही. १९३९-४० मध्ये अमेरिकेत सरकारी खर्चाने सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली गेली. (त्यातही हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका.) त्या आकड्यांच्या आधारे १९५८ साली मापांचं प्रमाण जाहीर झालं. गंमत म्हणजे त्यात प्रत्येक मापाला उंचीचंही अक्षर होतं: उंच, मध्यम आणि बुटकी असे तीन गट. उत्पादकांना ते पाळण्याची सक्ती नव्हतीच, आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. आता प्रत्येक ब्रँडचं एस वेगळं, आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून आकडे लहान लिहिण्याची चाल आहेच.

पेटीटची कल्पनाही त्याच काळातली. हॅना ट्रॉय या अमेरिकी डिझायनरने १९४०च्या दशकात हेरलं की बऱ्याच बायकांचं धड तयार कपड्यांपेक्षा आखूड असतं, आणि तसे कपडे कापायला सुरुवात केली.

याचा रोजचा उपयोग काय? अक्षर विसरा, टेप घ्या. घरातला जो कपडा तुम्हाला खरोखर चांगला बसतो तो सपाट पसरून मोजा: खांदा ते खांदा, काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून खालपर्यंत, बाही. पँटचं पुढचं आसन आणि पायाची आतली लांबी. हे आकडे फोनमध्ये ठेवा. ऑनलाइन घेताना अंगाच्या मापाचा तक्ता बघण्यापेक्षा कपड्याची मापं कुठे दिली आहेत ते शोधा आणि यांच्याशी ताडून बघा. परत पाठवण्याची कटकट निम्म्याने कमी होते. मॉडेलची उंची लिहिलेली असते तीही वाचा. ५ फूट १० इंचांच्या मुलीच्या पोटरीवर संपणारा ड्रेस माझ्या पायांखाली येतो.

भरली_वांगी

सगळं पटलं, पण हे सल्ले बारीक बुटक्यांना. मी ५ फूट आणि अंगाने भरलेली. छातीला बसतं ते खांद्यातून उतरतं, खांद्याला बसतं त्याची बटणं ओढली जातात. कपडेवाल्यांच्या हिशेबी भरलेल्या बाया सगळ्या उंच, आणि बुटक्या सगळ्या काड्या!

टाचणी

भरली_वांगी, तुझी तक्रार खरी आहे. माप वाढवताना ब्रँड खांदाही रुंद करत जातात, पण हाडं वजनाबरोबर तेवढी रुंद होत नाहीत. वर मी खांदा आधी म्हटलं ते सैल कापडाला जास्त लागू. भरलेल्या अंगाला घट्ट विणीचे, बटणांचे कपडे घेताना सगळ्यात रुंद जागेला बसेल ते माप घ्यायचं, आणि बाकीचं आत घ्यायचं. तिथे खांदा थोडा उतरला तर चालवून घे.

त्यापेक्षा सोपं म्हणजे ज्यांना खांद्याची शिवणच ठरलेली नाही ते कपडे बघ. रॅगलन बाही असते ना, गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण जाते ती? तिला खांदा मोजावा लागत नाही. निटेड कापडाचे टॉपही सोसून घेतात. एकावर एक येणारा पुढचा भाग आणि कमरेला बांधायचा बंद असलेले ड्रेस छातीला सामावून घेतात, कंबर आपल्याला हवी तिथे बांधता येते. फक्त गळा उघडा पडतो, तिथे आतून एक प्रेस बटण लावून टाकायचं.

आणि बिनबाह्यांचा ड्रेस असेल तर सगळ्यात स्वस्त युक्ती: खांद्यावरून वर उचलून घे. खांद्याची शिवण उसवून १ इंच आत घेतली की गळा, मुंढा, कंबर सगळं एकदम वर सरकतं. गळा आधीच वर असेल तर नको, पण बहुतेक वेळा आपल्याला तो खोलच झालेला असतो.

भरली_वांगी

खांद्यावरून! वाचनखूण साठवली. एक ड्रेस नुसता पडून आहे, या रविवारी त्याचाच नंबर.

लवंगी

बापरे, केवढं मिळालं. सगळ्यांचे आभार. अजून दोन प्रश्न. लहान मुलांच्या विभागातून घेतं का कुणी? तिथे भाव कमी असतात. आणि वापरलेले कपडे?

निवांत

मी घेते. साधे टीशर्ट, स्वेटर, रेनकोट, मोजे, पावलं लहान असतील तर खेळाचे बूट, हे सगळं १२-१४ वर्षांच्या मापात बसतं. पण ऑफिसच्या कामाचं तिथे फारसं नाही. मुलांचे शर्ट सरळसोट कापलेले असतात, छातीला टक्स (आकार देणाऱ्या चुण्या) नाहीत आणि कमरेला आकार नाही. पँटमध्ये तर नितंबांना जागाच नसते. शिवाय खिशावर एखादं अस्वल असतंच.

जुनी_वही

वापरलेल्या कपड्यांचा एक फायदा कुणी सांगत नाही. ते आटून झालेले असतात, जे माप दिसतं तेच राहतं. आणि कुणीतरी आधीच कापून घेतलेले असतात. रांगेत सगळ्यात आखूड पँट शोधायची, ती कुठल्यातरी आपल्याच बहिणीने सोडलेली असते. लोकरीचे कोट, अस्तराचे ब्लेझर तिथेच बघावेत, नवे परवडत नाहीत. काखेतलं कापड उजेडात धरून बघा, विरलेलं असेल तर सोडा. आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, किती सोडली आहे तेही बघा. माया असेल तर सैलही करता येतं.

मोरपंखी

लवंगी, खर्चाचा क्रम मी असा लावीन. आधी एक गडद पँट, आसनात बरोबर बसणारी, मग तिच्याच रंगाचे साधे बूट. बजेटचा मोठा तुकडा इथे जाऊ दे, कारण हे रोज लागणार. मग खोचता येतील असे शर्ट-टॉप, हे स्वस्तातले चालतात. ब्लेझर सगळ्यात शेवटी, मिळेल तेव्हा. त्याऐवजी कमरेपर्यंतचं कार्डिगन बरेच महिने निभावून नेतं.

आणि किंमत बघताना मनात टेलरची मजुरी धरूनच आकडा करायचा. ३० टक्के सूट मिळालेली पँट, तिची लांबी, कंबर आणि घेर तिन्ही करायचं असेल तर पेटीट विभागातली पूर्ण किमतीची पँट कदाचित स्वस्त पडेल.

टाचणी

याला अनुमोदन. दोनपेक्षा जास्त ठिकाणी सुई लागणार असेल तर तो कपडा मी घेऊ देत नाही.

अजून एक बारीकसं: ड्रेसच्या कमरेला बाजूला दोऱ्याचे फासे असतात ना, पट्टा ओवायला? ते काढून टाका. आपल्या कमरेच्या खाली येतात आणि पट्टा नसला की चुकीची कंबर लोकांना दाखवत बसतात. पट्टा मनाने वर बांधा, बारीक घ्या.

लवंगी

आज जाऊन आले. गडद निळी पँट घेतली, अँकल लेंग्थ, बसून-उठून-पाय उचलून बघितलं, ट्रायल रूमबाहेरच्या बाईला वाटलं असेल मी आत व्यायाम करते आहे. कात्री लावायलाच नको! दोन जुन्या शर्टांच्या कफाची बटणं सरकवली, झकास झालं.

वापरलेल्या कपड्यांत एक राखाडी ब्लेझर दिसलाय, खांद्याला चोख. फक्त बाही दीड इंच लांब, आणि मनगटापाशी चार बटणं आहेत. घेऊ का?

टाचणी

बटणांची काजं उघडी आहेत का ते बघ. नुसती शोभेची बटणं टाचलेली असतील तर बिनधास्त घे, बटणं काढून बाही खालून कमी होते आणि बटणं परत वर लावता येतात. काजं खरोखर कापलेली असतील तर खालून कमी करता येणार नाही, बाही खांद्यातून उतरवून वरून कमी करावी लागेल. ते महागात जातं.

लवंगी

दुकानवाल्याला फोटो पाठवायला सांगितलाय. दोन काजं उघडी वाटतात, दोन बंद.

टाचणी

खालची दोन उघडी असतील तर राहू दे. बाही एकदा बाहेर दुमडून बघ, आतलं अस्तर चांगलं असेल तर तशीच घालता येईल. नाहीतर दुसरा मिळेल.